व्हर्जिनियाच्या ग्रामीण काउंटीतील वॉरंट : आपल्या नावावर आहे का ते कसे शोधावे आणि निकाली कसे काढावे

ॲशबर्न, हर्नडन, फेअरफॅक्स या भागांतून नॉर्थ कॅरोलिनातील केरी-रालेकडे जाणारी मराठी कुटुंबे महामार्ग ९५ आणि ८५ धरतात. ब्लॅक्सबर्गला व्हर्जिनिया टेकमध्ये शिकणारी मुले सुट्टीत महामार्ग ८१ वरून ये-जा करतात. हे रस्ते ससेक्स, ग्रीन्सव्हिल, ब्रन्सविक, मेक्लेनबर्ग, रॉकब्रिज अशा विरळ वस्तीच्या काउंट्यांतून, म्हणजे जिल्ह्यांतून, जातात. तिथे राज्य पोलिसांचा ट्रूपर वेगासाठी गाडी थांबवतो, सही घेऊन एक कागद हातात देतो, आणि घरी पोहोचल्यावर तो कागद बिलांच्या गठ्ठ्यात पडून राहतो. तारीख उलटते, न्यायाधीश नाव पुकारतात, समोर कोणी नसते, आणि त्या नावाने अटक वॉरंट निघते. व्हर्जिनियात अशा वॉरंटच्या कागदावर बहुधा ‘केपिअस’ असे लिहिलेले असते. मुदत संपून ते आपोआप रद्द होत नाही. वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्याच रस्त्यावर मागचा दिवा बंद आहे म्हणून गाडी थांबवली गेली तरी संगणकावर ते समोर येते.

पुढील माहिती अमेरिकेत नव्याने आलेल्या वाचकांसाठी, व्हर्जिनिया राज्यापुरती आणि मुख्यतः वाहतुकीच्या खटल्यांपुरती आहे. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनात अशा आदेशाचे नाव वेगळे आणि रीतही वेगळी आहे. प्रत्यक्ष निर्णय घेण्यापूर्वी वकिलाशी बोलणे आवश्यकच आहे. पण वकिलाकडे जाताना आपल्या हातात नेमके काय असावे आणि त्याला काय विचारावे, एवढे तरी या लेखातून स्पष्ट व्हावे.

पहिली पायरी : हातातील कागद ओळी-ओळीने वाचणे

इतर राज्यांतून किंवा भारतातून आलेल्या बहुतेकांची समजूत अशी असते की वेगाचा कागद म्हणजे दंडाची पावती. पैसे भरले की विषय संपला. व्हर्जिनियात ही समजूत महागात पडते. वेगमर्यादेपेक्षा ताशी २० मैल किंवा त्याहून जास्त वेगाने, अथवा मर्यादा काहीही असली तरी ताशी ८५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने गाडी चालवणे हे राज्याच्या कायद्यातील कलम ४६.२-८६२ नुसार बेदरकार वाहनचालन ठरते. तो वाहतुकीचा किरकोळ नियमभंग नसून पहिल्या श्रेणीचा मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे; त्याला १२ महिन्यांपर्यंत तुरुंगवास आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. महामार्ग ८५ वर मर्यादा ७० असताना ८६ चा वेग केवळ १६ मैलांनी जास्त वाटतो, तरीही तो या कलमाखाली येतो. हा खटला ऑनलाइन पैसे भरून मिटवता येत नाही.

म्हणून त्या कागदावर, म्हणजे समन्सवर, चार गोष्टी आधी शोधाव्यात: कायद्याचे कलम, न्यायालयाचे नाव, तारीख व वेळ, आणि न्यायालयात न येता प्रकरण मिटवता येईल असे सांगणाऱ्या चौकटीत खूण आहे की नाही. ती खूण नसेल तर हजेरी अनिवार्य समजावी. रस्त्याच्या कडेला आपण केलेली सही ही गुन्ह्याची कबुली नसते. ती ठरलेल्या दिवशी हजर राहण्याचे लेखी वचन असते, आणि ते पाळले नाही तर कलम ४६.२-९३८ नुसार तो स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो व न्यायालय अटकेचे वॉरंट काढू शकते. मूळ खटला सौम्यपणे मिटला असता अशा माणसावर केवळ गैरहजेरीमुळे दुसरा गुन्हा लागतो, हे मला या सगळ्या प्रकारातील सर्वांत टाळता येण्याजोगे नुकसान वाटते.

दुसरी पायरी : न्यायालय नेमके कोणते, हे निश्चित करणे

व्हर्जिनियात ९५ काउंट्या आणि त्यांच्यापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळी असलेली ३८ स्वतंत्र शहरे आहेत. एकाच नावाची काउंटी आणि शहर एकमेकांपासून दूर असू शकतात. रिचमंड काउंटी ही राजधानी रिचमंडच्या आसपास नाही. ती नॉर्दर्न नेक या द्वीपकल्पावर आहे आणि तिचे न्यायालय वॉर्सा नावाच्या छोट्या गावात भरते. फ्रँकलिन शहर राज्याच्या आग्नेय कोपऱ्याकडे आहे, तर फ्रँकलिन काउंटी पश्चिमेला रोनोकच्या दक्षिणेस. नकाशावर नाव टाकून निघालेला माणूस सुनावणीच्या सकाळी चुकीच्या गावात पोहोचला, तर त्याची नोंद गैरहजर म्हणूनच होते.

वाहतुकीचे आणि मिसडिमीनरचे खटले प्रथम जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात. चालक १८ वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल व कौटुंबिक न्यायालयात जाते. नुकताच परवाना मिळालेल्या मुलामुलींच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण त्या न्यायालयातील नोंदी जनतेसाठी खुल्या ऑनलाइन शोधात दिसत नाहीत आणि तिथे क्लार्कच्या, म्हणजे न्यायालयाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाशीच बोलावे लागते.

तिसरी पायरी : स्वतःच्या नावाचा शोध

व्हर्जिनिया न्यायव्यवस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टातील खटल्यांचा शोध विनामूल्य घेता येतो. नाव, खटल्याचा क्रमांक किंवा सुनावणीची तारीख यांपैकी कशावरूनही शोधता येते, आणि नावावरून राज्यभराचा एकत्रित शोधही करता येतो. शोधयंत्रात वर दिसणारी, पैसे मागून ‘तुमचे वॉरंट दाखवतो’ म्हणणारी खासगी संकेतस्थळे वापरू नयेत. त्यांची माहिती जुनी असते आणि आपला तपशील विनाकारण त्यांच्या हाती जातो.

मराठी नावांच्या बाबतीत इथे खरी अडचण येते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. शोध आडनाव आधी आणि नाव नंतर या क्रमाने घ्यायचा असतो. ट्रूपरने परवान्यावरून नाव उतरवलेले असते, आणि परवान्यावर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधल्या नावात आले आहे की पहिल्या नावालाच जोडले गेले आहे, यावर नोंद बदलते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला असेल तर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी आणि पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ या अर्थाची तीन अक्षरे पडलेली असू शकतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत पासपोर्ट एका नावाने आणि परवाना दुसऱ्या नावाने असतो. भारतीय परवान्यावर गाडी चालवणाऱ्या पाहुण्या नातेवाइकांच्या बाबतीत तर पोलिसाला जे कळले ते नाव समजावे. त्यामुळे पूर्ण आडनावाऐवजी त्याची पहिली चार-पाच अक्षरे टाकून पाहावे, दीर्घ-ऱ्हस्वामुळे इंग्रजीत बदलणारी सर्व स्पेलिंगे वापरावी, नाव-आडनावाची अदलाबदल करून पाहावी, आणि काहीच सापडले नाही तर समन्सवरील सुनावणीची तारीख घेऊन त्या दिवसाची यादी तपासावी. कागद हरवला असेल तर गाडी कोणत्या महामार्गावर, कोणत्या एक्झिटजवळ थांबवली होती ते आठवून काउंटी ठरवता येते.

ऑनलाइन काही दिसले नाही म्हणजे वॉरंट नाही, असा निष्कर्ष काढू नये. खात्री क्लार्कच्या कार्यालयाकडूनच होते. फोन करताना जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक आणि शक्य असल्यास समन्सचा क्रमांक जवळ ठेवावा, आणि मोजकेच प्रश्न विचारावेत: माझ्या नावाने कोणता खटला आहे, त्याची सध्याची स्थिती काय, केपिअस निघाले आहे का, आणि पुढील तारीख आहे का. क्लार्क कायदेशीर सल्ला देऊ शकत नाहीत, आणि घटनेची हकिगत त्यांना सांगण्याची गरजही नसते. छोट्या काउंटीत कार्यालयात दोन-चार माणसेच असतात; नम्रपणे बोलणाऱ्याला ती नीट उत्तर देतात, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, कार्यालयात मात्र केवळ चौकशीसाठी स्वतः जाऊ नये. वॉरंट असेल तर ते बजावणे हे तिथल्या अधिकाऱ्याचे कामच आहे, आणि पूर्वतयारीशिवाय अटक होऊ शकते.

याच्या उलट, फोन आपल्याला आला असेल तर तो बनावट समजावा. ‘मी शेरीफच्या कार्यालयातून बोलतो, तुमच्या नावाने वॉरंट आहे, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक होईल’ असे सांगून गिफ्ट कार्ड, क्रिप्टोचलन किंवा मोबाइल ॲपवरून पैसे मागणारे सर्व फसवे असतात. भारतात ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीचीच ही बहीण आहे. कोणतेही न्यायालय अशा रीतीने पैसे घेत नाही. फोन ठेवावा आणि अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर क्लार्कला स्वतः फोन करावा.

चौथी पायरी : नोंदीचा अर्थ लावणे

गैरहजेरीनंतर तीन वेगवेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. पहिली, केपिअस निघालेले असेल. तेव्हा खटला अजून उभा आहे आणि आपल्या अटकेचा आदेशही. दुसरी, न्यायालयाने ‘कारणे दाखवा’ आदेश काढलेला असेल. त्यात अटक नसते, नवी तारीख असते, आणि त्या दिवशी हजर राहून गैरहजेरीचे कारण सांगायचे असते. हीही तारीख चुकली की मग बहुधा केपिअस निघते.

तिसरी शक्यता अनेकांना ठाऊकच नसते. मिसडिमीनरच्या खटल्यात आरोपी आला नाही तर न्यायालय त्याच्या अनुपस्थितीतही खटला चालवून दोषी ठरवू शकते. अशा वेळी वॉरंट नसते, पण शिक्षा लागलेली असते, दंड थकत असतो, आणि बेदरकार वाहनचालनाची नोंद मोटार वाहन विभागाकडे ११ वर्षे राहते. इथे दिवस मोजावे लागतात. निकालापासून १० दिवसांच्या आत त्यावरच्या सर्किट कोर्टात अपील करता येते, आणि तिथे खटला पुन्हा सुरुवातीपासून चालतो. ती मुदत गेली असेल तर निकालापासून ६० दिवसांच्या आत, पुरेसे कारण दाखवून, त्याच जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टाकडे खटला पुन्हा उघडण्याचा अर्ज करता येतो. समन्स जुन्या पत्त्यावर गेले, रुग्णालयात होतो, भारतात आई-वडिलांच्या आजारपणासाठी जावे लागले, अशी कारणे पुराव्यासह मांडता येतात. विमानाचे तिकीट, पासपोर्टवरील शिक्का, रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत.

पाचवी पायरी : त्याच भागातला वकील

न्यू जर्सीत किंवा उत्तर व्हर्जिनियात ओळखीचा वकील आहे म्हणून त्यालाच नेमण्याचा मोह होतो. माझे मत स्पष्ट आहे: ज्या काउंटीत खटला आहे तिथे नेहमी उभा राहणारा वकील घ्यावा. ग्रामीण काउंटीत न्यायालय रोज भरत नाही. न्यायाधीश अनेकदा आजूबाजूच्या काउंट्यांमध्ये वार ठरवून बसतात. वाहतुकीच्या खटल्यांत सरकारी वकिलाचे कार्यालय भाग घेतेच असे नाही. पुष्कळदा ट्रूपर स्वतःच साक्ष देतो. कोणते न्यायाधीश कोणत्या वारी असतात, ते आरोपीच्या गैरहजेरीत वकिलाला उभे राहू देतात का, केपिअस मागे घेण्याचा अर्ज लेखी चालतो की समोर यावे लागते, ही माहिती पुस्तकात सापडत नाही, तिथल्या वकिलाला मात्र ती असते. व्हर्जिनिया स्टेट बार या वकिलांची नोंद ठेवणाऱ्या राज्यसंस्थेकडे वकिलाच्या परवान्याची खातरजमा करता येते, आणि योग्य वकील सुचवणारी त्यांची सेवाही आहे.

वकिलाला पहिल्याच भेटीत आपला व्हिसा सांगावा. एच-१बी, एफ-१, ग्रीन कार्डचा प्रलंबित अर्ज किंवा पालकांचा पर्यटक व्हिसा, प्रत्येकाची जोखीम वेगळी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील पडिया विरुद्ध केंटकी या निकालानुसार, कबुलीमुळे देशाबाहेर जावे लागण्याचा धोका असेल तर तसे आरोपीला सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे. पण स्थलांतर कायद्याचे बारकावे त्याला माहीत असतीलच असे नाही, म्हणून स्थलांतर विषयातील वकिलाचे मत वेगळे घ्यावे. ज्यांची वास्तव्याची कागदपत्रे अपुरी किंवा मुदतबाह्य आहेत, त्यांनी तर कोणत्याही कार्यालयात पाऊल ठेवण्यापूर्वी हे करावे, कारण अटकेची नोंद होताना घेतलेले बोटांचे ठसे केंद्रीय यंत्रणांपर्यंत जातात.

वकील परवडत नसेल आणि गुन्ह्याला तुरुंगवासाची शिक्षा असेल तर न्यायालय वकील नेमून देऊ शकते. त्यासाठी उत्पन्नाची माहिती शपथेवर द्यावी लागते. सरकारी पक्षाने आधीच तुरुंगवासाची मागणी सोडून दिली तर मात्र हा हक्क उरत नाही.

सहावी पायरी : वॉरंट मागे घेणे किंवा स्वतः हजर होणे

इथून दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे केपिअस मागे घेऊन खटला पुन्हा यादीवर लावावा असा अर्ज वकिलामार्फत करणे. तो मान्य करणे सर्वस्वी न्यायाधीशांच्या मर्जीवर असते, परंतु माणूस स्वतःहून पुढे आला आहे, त्याच्यावर पूर्वीचा डाग नाही आणि गैरहजेरीचे कारण पटण्याजोगे आहे, अशा वेळी ही वाट प्रथम चाचपून पाहावी. पालक भारतात परतले असतील तर हीच वाट जवळजवळ एकमेव असते: मिसडिमीनरमध्ये वकिलामार्फत हजेरीची परवानगी मागता येते. व्हिसाच्या पुढच्या अर्जात अटक व शिक्षेविषयी प्रश्न असतो आणि वॉरंट विमानतळावर समोर येऊ शकते, म्हणून ‘आता परत जायचेच नाही’ असे ठरवून विषय सोडून देऊ नये.

दुसरी वाट म्हणजे ठरवून हजर होणे. वकिलाने वेळ ठरवल्यावर आपण शेरीफच्या कार्यालयात किंवा मॅजिस्ट्रेटसमोर, म्हणजे अटक व सुटकेचे प्राथमिक आदेश देणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्यासमोर, जातो, वॉरंट औपचारिकपणे बजावले जाते, आणि मॅजिस्ट्रेट सुटकेच्या अटी ठरवतात. व्हर्जिनियात मॅजिस्ट्रेट २४ तास उपलब्ध असतात. ग्रामीण भागात बहुधा दृक्-श्राव्य यंत्रणेवरून. काही वेळा न्यायाधीशांनी अटी वॉरंटवरच लिहिलेल्या असतात. केवळ लेखी वचनावर सुटका होऊ शकते, पैसे न भरता ठरावीक रकमेच्या हमीवर होऊ शकते, किंवा प्रत्यक्ष पैसे वा जामीन कंपनी लागू शकते. कंपनी साधारण १० टक्के शुल्क घेते आणि ते परत मिळत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी जावे. शुक्रवारी दुपारी जाऊ नये, कारण काही अडले तर सोमवारपर्यंत न्यायाधीश भेटत नाहीत. सोबत परवाना असलेली व्यक्ती असावी, औषधांची यादी जवळ असावी, लहान मुलांची व्यवस्था आधी लावावी, आणि आपली गाडी स्वतः चालवत नेऊ नये, कारण गैरहजेरीमुळे परवाना निलंबित झाला असण्याचीही शक्यता असते.

अटक झाल्यास घटनेविषयी काहीही न बोलता वकिलाची मागणी करावी. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क परदेशी नागरिकाला आहे. भारतीय नागरिकाच्या बाबतीत अधिकाऱ्यांना हे न मागता कळवणे बंधनकारक नसल्यामुळे स्वतःच तसे सांगावे लागते. व्हर्जिनियाचे काम वॉशिंग्टनमधील भारतीय दूतावास पाहतो.

सातवी पायरी : सुनावणीचा दिवस

अनेक न्यायालयांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, म्हणून सर्व कागदपत्रे छापून न्यावीत आणि परतीच्या प्रवासाचा पत्ता लिहून ठेवावा. ज्यांना इंग्रजी नीट समजत नाही त्यांना फौजदारी खटल्यात दुभाषा विनामूल्य मिळतो. मराठीचा दुभाषा सहज उपलब्ध नसतो, त्यामुळे क्लार्कला ही मागणी तारखेच्या बऱ्याच आधी कळवावी, आणि घरातील मुलाला आजोबांचा दुभाषा म्हणून उभे करू नये. मूळ खटल्यासाठी चालक सुधारणा वर्गाचे प्रमाणपत्र, मोटार वाहन विभागाकडील आपला पूर्वइतिहास आणि गाडीच्या वेगमापकाची तपासणी उपयोगी पडते. व्हर्जिनियात वेगमापकाचा अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य आहे. नाव पुकारले की पुढे जावे, थोडक्यात बोलावे, आणि गैरहजेरीबद्दल काय सांगायचे ते वकिलाशी आधी ठरवून ठेवावे.

आठवी पायरी : कागद हाती घेतल्याशिवाय घरी न निघणे

न्यायाधीशांनी वॉरंट रद्द केले तरी पोलिसांच्या संगणकावरील नोंद त्याच क्षणी बदलते असे नाही. म्हणून ते रद्द झाल्याचा किंवा बजावले गेल्याचा आदेश क्लार्ककडून घ्यावा आणि त्याची प्रत काही महिने गाडीत ठेवावी. दंड एकदम भरणे शक्य नसेल तर हप्त्यांची विनंती करावी. १ जुलै २०२० पासून व्हर्जिनियात केवळ थकलेल्या दंडापायी परवाना निलंबित होत नाही, पण थकबाकी वसुलीला जाते. परवान्याची स्थिती मोटार वाहन विभागाकडे स्वतंत्रपणे तपासावी.

पत्ता बदलला की स्थलांतर विभागाला १० दिवसांत कळवण्याची सवय आपल्यापैकी पुष्कळांना असते. मोटार वाहन विभागाला ३० दिवसांत कळवायचे मात्र राहून जाते, आणि न्यायालयाची पत्रे जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत जमा होतात. प्रलंबित खटला असेल तर नवा पत्ता क्लार्कलाही लेखी द्यावा.

शेवटी, अंतिम निकालाची शिक्का मारलेली प्रमाणित प्रत दोन-तीन संख्येने घ्यावी. कनिष्ठ न्यायालयांतील नोंदी ठरावीक वर्षांनी नष्ट केल्या जातात, आणि नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी, कदाचित एका तपानंतर, अधिकारी याच खटल्याचा कागद मागतो. त्या वेळी क्लार्ककडे फाइल उरलेली नसेल, म्हणून एक प्रत स्थलांतराच्या कागदपत्रांसोबत आणि एक स्कॅन करून ठेवावी.